हगवण लागलेल्या मुलास पाणी द्यावें कीं न द्यावें?

पावसाळ्यांत नाशिक जिल्ह्यांतील पेठेकडील एका खेड्यांत आम्ही मंडळीच्या भेटीस गेलों असतां, एका घरीं दीड वर्षाचें मूल हगवणीनें निपचित पडलेलें दिसलें. आजीबाई त्यास पाणी देऊं देईनात. वरून ओतलें तें खालून जातें, असें त्यांचें म्हणणें. त्यांची माया खरी. माहिती मात्र खोटी, आणि अशा माहितीनें मुलें दगावतात.

हगवणीनें मूल मरतें, तें बहुतकरून अंगांतील पाणी व मीठ निघून गेल्यामुळें. आशाताईनें दोन दिवसांपूर्वीं ओ. आर. एस.चें पाकीट दिलें होतें. तें एकदां पाजून बाकीचें टाकून दिलेलें. "जुलाब थांबले नाहींत, मग तें औषध कसलें?" असें मुलाच्या आईनें आम्हांस विचारिलें. प्रश्न रास्त आहे. हें पाणी जुलाब थांबविण्यासाठीं नाहींच. साखर व मीठ ठराविक प्रमाणांत एकत्र असलीं म्हणजे आंतडें तीं शोषून घेतें, व त्यांबरोबर पाणीही आंत ओढलें जातें. जुलाब चालू असतांनाही हें घडतें. म्हणून ते चालू आहेत तोंवर पाजीत राहावें.

1971 सालीं बंगालच्या सरहद्दीवर बनगांव येथें निर्वासितांत पटकी पसरली व शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पिंपांत भरून पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा 30 च्या आसपास होतें, तें 4 च्या खालीं आलें. पाजणारे बहुतेक नातलगच होते, हें आम्हांस विशेष वाटतें.

पाकिटावर लिहिलें असेल तितकेंच पाणी घ्यावें. मोठ्या पाकिटास एक लिटर, उकळून निवविलेलें. कमी पाण्यांत कालविल्यास मीठ जास्त होऊन अपाय होतो. हें प्रमाण उपदेशक बंधूंनीं स्वतः करून दाखवावें. दोन वर्षांखालील मुलास दर जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्यानें द्यावें. वांती झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हां हळू द्यावें. 24 तासांनीं उरलेलें टाकावें. आशाताईनें दिलेली झिंकची गोळी जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरी करावी. अंगावरचें दूध तोडूं नये.

दुकानांतील कांहीं गोड पेयांवरही ओ. आर. एस. हीं अक्षरें छापलेलीं असत. 2025 च्या ऑक्टोबरांत सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानें त्यास मनाई केली. तीं पेयें हगवणींत देऊं नयेत. जादा साखरेनें जुलाब वाढतात.

डोळे खोल गेले, मूल पाणी पिईना, सुस्त पडलें, किंवा शौचांत रक्त दिसलें, तर घरीं थांबूं नये. त्या मुलास त्याच दुपारीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेलें. जीपमध्यें आजीबाईच त्यास चमच्यानें पाजीत होत्या.