टाकोच्या दुकानात मिळालेला धंद्याचा धडा

व्यापारी बंधूंनो, कापडवाल्याने खाण्याच्या दुकानावर लिहावे याचे नवल वाटेल. पण तजुर्बा कुठेही मिळतो. माझा भाचा धुळ्यात खाण्याचा गाळा टाकू पाहतो आणि त्याला मेक्सिकन पदार्थच विकायचे आहेत. "मामू, आधी खाऊन तर बघा," म्हणत मुंबईच्या फेरीत त्याने मला तसल्या एका दुकानात नेले.

मक्याच्या पातळ पोळीत सारण घालून दुमडली की टाको. गव्हाच्या मोठ्या पोळीत भात, राजमा, सारण गुंडाळले की बरिटो. मका, मिरची, टोमॅटो ही पिके मूळ त्याच मुलखाकडची. म्हणजे माल आपल्या ओळखीचा, पद्धत नवी.

आता धडे पाहू.

१) एक तागा, अनेक कपडे : काउंटरवर मोजकी आठ भांडी होती. फलकावरचे सगळे पदार्थ त्यातूनच निघत. माल कमी अडकतो, नासाडीही कमी.

२) माप : प्रत्येक भांड्याला ठरलेला डाव. आपण मीटरने मोजतो, ते डावाने. हात सैल सुटला की नफा गेला.

३) भाव आधी सांगा : "चीज घालू का? अ‍ॅव्होकॅडोची चटणी?" मी हो म्हटले. त्याचे जादा पैसे लागतात हे बिल हाती आल्यावर कळले. रक्कम लहान होती, पण मन खट्टू झाले.

४) हलालचे उत्तर पक्के हवे : चिकन हलाल आहे का, असे विचारले. पोरगा आत जाऊन आला आणि म्हणाला, "बहुतेक." आम्ही राजम्यावर भागवले. दुकानाचे दोन गिऱ्हाईकांचे चिकन तिथेच राहिले. लेबनॉनच्या लोकांनी मेक्सिकोत नेलेल्या शवर्म्यावरून तिथे 'टाको अल पास्तोर' झाला, पण तो डुकराच्या मांसाचा करतात. तेव्हा ओळखीच्या रूपावर भरवसा ठेवता येत नाही. विकणाऱ्याने फलकावर स्पष्ट लिहावे आणि मांस कोणाकडून घेतले त्याची पावती जपावी.

भाच्याला मी म्हटले, "पद्धत त्यांची घे, माल घरचा ठेव." जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कपाशीच्या काड्यांवर भाजलेले ते भरीत कळण्याच्या भाकरीत गुंडाळून दिले तर काय वाईट? धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग मिळतात, तेव्हा हातात धरून खाता येणाऱ्या पदार्थाला प्रवासी गिऱ्हाईकही मिळेल.

मात्र गाळ्याची पागडी आत्ताच भरू नकोस, असे बजावले. आधी तीन महिने हातगाडी लाव. रोजच्या वहीत खरेदी, विक्री आणि फेकलेला माल असे तीन रकाने ठेव. तिसरा रकाना आटोक्यात आला तर गाळ्याचे बोलू. नाही आला तर बहिणीची जमापुंजी तरी वाचेल.

त्याने वही विकत घेतली आहे.