प्रत्येक शिष्याचा प्रश्न

वल्हांडण सणाचें भोजन चाललें असतां, आपणांस शत्रूंच्या हातीं देणारा मनुष्य याच पंक्तीस बसला आहे, असें प्रभु येशूनें बारा शिष्यांस सांगितलें. ही गोष्ट बहुतेकांस परिचित आहे. परंतु मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांतील एक लहानशी बाब पुष्कळदां आपल्या नजरेंतून सुटते. एवढें भयंकर भाकीत कानीं पडतांच शिष्यांनीं एकमेकांकडे बोट दाखविलें नाहीं. ते खिन्न झाले, आणि प्रत्येकानें प्रभूला विचारिलें तें स्वतःविषयींच. आजच्या पाठांत आपणांस याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ज्यांनीं घरदार व जाळीं सोडून गुरूचा मार्ग धरिला, त्यांस स्वतःची खात्री नसावी, हें प्रथम आश्चर्याचें वाटतें. पण त्या क्षणीं त्यांनीं आपल्या अंतःकरणाचा जो ठाव घेतला, तो खरा ठरला. त्या रात्रीं यहूदानें प्रभूला धरून दिलें. परंतु इतर शिष्यही त्याला सोडून पळून गेले.

पेत्राला मात्र या प्रश्नाचा लवकरच विसर पडला. बाकीचे सर्व अडखळले तरी आपण अडखळणार नाहीं, असें तो ठामपणें म्हणाला. त्याच्या बोलण्यांत ढोंग नव्हतें. गेथशेमाने बागेंत सशस्त्र जमाव आला तेव्हां त्यानें तरवार उपसली, असें योहान सांगतो. असा हा शूर मनुष्य कांहीं तासांनीं मुख्य याजकाच्या वाड्यांत शेकोटीजवळ असतां एका दासीच्या साध्या बोलण्यानें गांगरला, आणि येशूला आपण ओळखत नाहीं, असें त्यानें तीनदां सांगितलें. तरवारीच्या परीक्षेस तो तयार होता. शेकोटीजवळच्या परीक्षेस तयार नव्हता. आपली कसोटी कोठें लागेल हें आपण ठरवीत नसतों. म्हणून जो दुसऱ्याहून आपण किती बळकट आहों हें मोजीत बसतो, तो आपल्या दाराची कडी लावावयास विसरतो.

पुढें सुमारें दोनशें वीस वर्षांनीं मंडळीला हाच धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. इ. स. २५० च्या सुमारास रोमन बादशहा डेसियस यानें फर्मान काढिलें कीं, प्रजाजनांनीं देवांना यज्ञ अर्पण करावा व तसा दाखला घ्यावा. मिसर देशांत असे चाळीसांहून अधिक दाखले सांपडले असून त्यांपैकीं पहिला १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. पपायरसच्या लहानशा तुकड्यावर अर्जदाराचें नांव, आपण नेहमींच देवांना यज्ञ करीत आलों आहों हें त्याचें निवेदन, आणि साक्षीदार अधिकाऱ्याची सही, एवढाच त्यांतील मजकूर.

कित्येक ख्रिस्ती लोकांनीं तुरुंगवास व मरण पत्करिलें. परंतु उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज शहरीं पुष्कळांनीं यज्ञ केला. आणि कित्येकांनीं यज्ञ न करितां पैसे देऊन नुसता दाखला मिळविला. आपण वेदीजवळ गेलोंच नाहीं, अशी हे दुसरे लोक आपल्या मनाची समजूत घालीत. पण विश्वास नाकारणारें वाक्य त्या कागदावर त्यांच्याच नांवें लिहिलेलें होतें! तेथील बिशप सिप्रियन यानें या पतनाविषयीं लिहितांना दाखविलें कीं, त्याचें मूळ छळाच्या दिवसांत नव्हतें. त्यापूर्वींच्या दीर्घ शांततेंत लोक धनाच्या मागें लागले होते, आणि श्रद्धा झोंपीं गेली होती.

छळ ओसरल्यावर या पतितांचें काय करावें, हा वाद उपस्थित झाला. रोम येथील नोवेशियन याच्या मतें त्यांस मंडळीचें दार कायमचें बंद असावें. सिप्रियन व त्याचे सहकारी बिशप यांनीं २५१ सालीं ठरविलें कीं, अपराध हलका मानूं नये, पण खऱ्या पश्चात्तापानें येणाऱ्याची आशाही तोडूं नये. पेत्र व यहूदा यांच्यांतील भेद हाच. दुःख दोघांनाही झालें. यहूदानें रुपये मंदिरांत फेंकिले आणि तो निराशेंत एकटाच निघून गेला. पेत्र रडला, आणि पुनः आपल्या बंधूंत येऊन मिळाला.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आज आपणांपुढें डेसियसचें फर्मान नाहीं. पण सोबत्यांच्या हंसण्याच्या भयानें आपण प्रार्थना करितों हें लपविणें, दुबळ्या मुलाची टवाळी चालली असतां गप्प राहणें, दुसऱ्याचें उत्तर आपल्या नांवें उतरविणें, या आपल्या शेकोट्या व आपले दाखले आहेत. मोठ्या परीक्षेंत कोण पडेल याची चर्चा आपण करीत असतों, तेव्हांच या लहान परीक्षा होऊन जातात.

पालकांनींही हें ध्यानांत घ्यावें. आमचें मूल असें करणारच नाहीं, असें अभिमानानें म्हणणें म्हणजे पेत्राचेंच बोलणें त्याच्या तोंडीं घालणें होय. मग तें चुकतें तेव्हां कबूल करावयास त्याला घरांत जागा उरत नाहीं. चुकीला चूक म्हणावें, आणि परतणाऱ्यासाठीं दार उघडें ठेवावें.

तथापि नुसता प्रश्न विचारून भागत नाहीं. मत्तय सांगतो कीं, यहूदानेंही इतरांप्रमाणें तोच प्रश्न विचारिला, आणि त्याला उत्तरही मिळालें. पण त्यानें आपला बेत सोडिला नाहीं. म्हणून रात्रीं प्रार्थनेस बसतांना आपण हा प्रश्न विचारावा, आणि अंतःकरणांतून जें उत्तर येईल तें ऐकून, दुसऱ्या दिवशीं जें सुधारावयाचें तें सुधारावें.