नौकेच्या पोटातील इंजिनघर

शिडाची नौका म्हटली की वाऱ्याने फुगलेले पांढरे शीड आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्या शिडाखाली, नौकेच्या पोटात एक अंधारी, अरुंद, तेलकट जागा असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. या पाठात आपण त्या जागेची, म्हणजे इंजिनघराची, ओळख करून घेणार आहोत.

गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फूट लांबीची शिडाची नौका बांधली गेली. २००९ साली ती भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे एकटेच तिच्यातून मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने जगाची फेरी करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून, वाटेत कोठेही न थांबता, ती फेरी पूर्ण केली. तिची धाकटी बहीण 'तारिणी' हिने २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना आणि २०२४-२५ मध्ये दोघींना जगाभोवती नेऊन आणले.

अशा प्रवासात नौका वाऱ्यावर चालते, हे खरे. परंतु रात्रीचे दिवे, रेडिओ, दिशादर्शक यंत्रे आणि माणूस झोपलेला असताना सुकाणू सांभाळणारे यंत्र यांना वीज लागते. ती बॅटऱ्यांत साठवतात, आणि त्या भरण्याच्या कामी डिझेल इंजिन मोठा आधार असते. भर समुद्रात इंजिनघरात ठिणगी पडली, तर अग्निशामक दलाला बोलावता येत नाही. म्हणून जुन्या नौकेची दुरुस्ती रंगरंगोटीने नव्हे, तर इंजिनघरापासून सुरू करणे शहाणपणाचे असते.

पहिले काम सफाईचे. हे काम हलके समजून ते शिकाऊ पोराकडे सोपवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चुकीची आहे. ज्याला इंजिन कळते त्यानेच फडके हातात घ्यावे, कारण काळ्या ओशट थराखाली गळती लपलेली असते. थर खरवडून, पुसून जागा कोरडी केली की दुसऱ्या दिवशी डिझेलचा नवा थेंब कोठून आला ते ताबडतोब दिसते. पाण्याच्या पंपाभोवती पांढरे मिठाचे कण दिसले, तर तेथून खारे पाणी पाझरते आहे असे समजावे. पट्ट्याजवळ काळी भुकटी साचली असेल, तर पट्टा झिजतो आहे. तळात साचलेले तेलमिश्रित पाणी पंपाने समुद्रात फेकणे हा गुन्हा आहे. ते टिपून, डब्यात भरून किनाऱ्यावर आणावे लागते.

आता वायरिंग. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील लोखंडाच्या कारखान्यात काम करणाऱ्या वायरमनचा शत्रू म्हणजे उष्णता आणि धूळ. नौकेवर ती जागा मीठ, ओल आणि सततची थरथर घेतात. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. उघड्या तांब्याच्या तारेचे खाऱ्या हवेत असेच होते. ती हिरवी पडते आणि तो हिरवेपणा आवरणाच्या आत पसरत जातो. म्हणून नौकेसाठी प्रत्येक बारीक तारेला कथिलाचा मुलामा दिलेली, म्हणजे जणू कल्हई केलेली, वायर वापरतात. घरातील एकेरी जाड तार येथे चालत नाही; थरथरीने ती तुटते. केवळ डाग देऊन केलेला सांधाही कडक होऊन कडेला मोडतो. त्यामुळे तारेवर लग घट्ट दाबून बसवतात आणि वरून आवरण आवळून ओल बाहेर ठेवतात.

थोडे गणित पाहू. १२० वॅटचे उपकरण घरात २३० व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह घेते; नौकेत १२ व्होल्टवर तेच १० अँपिअर घेते. २.५ चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन २० मीटर असेल, तर तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम होतो. म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात आणि उपकरणापर्यंत जेमतेम १०.६ पोहोचतात. घरात हीच वायर पुरून उरली असती. त्यात एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध ०.१ ओहम असला, तर नखाएवढ्या जागेत १० वॅट उष्णता निर्माण होते. शेजारी डिझेलचे फडके पडले असेल तर काय होईल, हे सांगावयास नको.

जुन्या नौकेत प्रत्येक मालकाने आपापली भर घातलेली असते. कित्येक वायरी तर कोठेच जात नाहीत. तेव्हा काहीही कापण्यापूर्वी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधावी, कागदावर आराखडा काढावा आणि मगच मृत वायरी ओढून काढाव्यात. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडवावे. तसे केल्यास धन टोक सोडवताना पाना चुकून इंजिनाला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यासाठी हवा खेळती हवी. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आतच बसवावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कोणतेच संरक्षण नसते.

पाठावर आधारित प्रश्न

१. इंजिनघराची सफाई जाणकाराने का करावी?
२. कल्हईचा दृष्टान्त लेखकाने कशासाठी दिला आहे?
३. वरील उदाहरणात ५ चौरस मिलिमीटरची वायर वापरल्यास उपकरणापर्यंत किती व्होल्ट पोहोचतील? गणित करून पाहा.