अभंग माउलींचा, ध्वनिमुद्रण कुणाचं?

नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात हरिनाम सप्ताह उठला, की काल्याच्या कीर्तनाचे व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर फिरतात. चार वर्षांपूर्वी ते काम मी अंगावर घेतलं. पहाटेचा काकडा, पंगती, दहीहंडी, सगळं टिपलं. विण्याच्या पहाऱ्याला गावातले आबा उभे होते. ऐंशी ओलांडलेले, डोळे मिटलेले, आवाज किंचित कापरा. त्यांच्या नामघोषाचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटत होता. त्याला उठाव यावा म्हणून खाली एका नामवंत गायकाचा अभंग लावायचं मी ठरवलं.

गाणी फुकट देणारं एक संकेतस्थळ सापडलं. पानावर ‘डाउनलोड’ची चार हिरवी बटणं होती. पहिलं दाबल्यावर गाण्याऐवजी एपीके फाइल उतरली. गाणी साठवायचं ॲप असेल, असं समजून मी ती बसवली. तिने संपर्क मागितले, मेसेज मागितले, मी ‘हो’ म्हणत गेलो. दुसऱ्या बटणाने अभंग मिळाला. व्हिडिओ इंटरनेटवर चढवण्याआधी मी शेजारच्या काकांना विचारलं होतं, हे चालेल ना? काका म्हणाले, “आरं, माउलीच्या अभंगाला कुणाची परवानगी लागती व्हय?” मलाही तेच वाटत होतं.

पंधरा दिवसांत दोन्ही गोष्टी अंगाशी आल्या. फोन तापू लागला, पडद्यावर जाहिराती नाचू लागल्या. नगरला दुरुस्तीच्या दुकानात सगळं पुसूनच तो नीट करावा लागला. मूळ चित्रीकरण त्याच फोनमध्ये होतं, दुसरीकडे कुठेही ठेवलेलं नव्हतं. उरला तो चढवलेला व्हिडिओ. त्यावर ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा दावा आला आणि तेवढ्या भागाचा आवाज बंद झाला. आबांचा आवाज त्या अभंगात मिसळलेला होता, तोही गेला. पुढच्या सप्ताहाला आबा नव्हते.

चूक माझी होती. पण ती आज गावोगाव होते आहे. लग्नाच्या, यात्रेच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओंत होते आहे. म्हणून पुढचा सगळा तपशील.

गाणं एकाच्या मालकीचं नसतं. त्यात शब्द असतात, चाल असते आणि ध्वनिमुद्रण असतं. 1957चा भारतीय कॉपीराइट कायदा या तिन्हींकडे वेगवेगळं पाहतो. शब्दांचा आणि चालीचा हक्क कवी किंवा संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. माउलींची ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात सांगितली गेली. पैसाचा खांब अजून तिथे आहे. त्या ओव्या साऱ्या जगाच्या आहेत. पण त्याच ओव्यांना तीस वर्षांपूर्वी कुणी नवी चाल लावून स्टुडिओत गाऊन घेतल्या असतील, तर ती चालही बांधलेली आणि ते ध्वनिमुद्रणही. माझ्या हातून जे निसटलं ते हेच.

‘विठ्ठला, तू वेडा कुंभार’ हे गाणं कितीतरी भजनांत संतांचा अभंग म्हणून म्हटलं जातं. ते संतांचं नाही. 1961च्या ‘प्रपंच’ चित्रपटातलं, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेलं आणि सुधीर फडक्यांनी चाल लावून गायलेलं ते गीत आहे. आता हिशेब मांडून पाहावा. त्या साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत 2021च्या अखेरीस संपली. माडगूळकर 1977 साली गेले, म्हणून शब्द 2037 अखेरपर्यंत बांधलेले. फडके 2002 साली गेले, म्हणून चाल 2062 अखेरपर्यंत. एकाच गाण्याच्या तीन तारखा, आणि शेवटची यायला अजून कितीतरी वर्षं. ‘जुनं आहे, म्हणजे चालेल’ हा अंदाज इथे साफ चुकतो.

याउलट ‘संगीत स्वयंवर’ घ्यावं. नाटक 1916चं. पदं लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले 1922 साली. त्या नाटकातलं पद बालगंधर्वांच्या तेव्हाच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवर मिळालं, तर भारतीय कायद्यानुसार तिन्ही गाठी सुटलेल्या आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांचं निधन 1937चं. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्याही मोकळ्या झाल्या आहेत. असा ठेवा हाताशी असताना हिरव्या बटणांच्या मागे लागायची गरज नाही, हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. आपल्या जिल्ह्यातही शब्दांचा असा ठेवा आहे. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी 1819 साली गेले. नगरला राहून ख्रिस्ती भजनं आणि अभंग लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली. दोघांचे शब्द आज कुणीही गावेत.

तबकड्यांचा मोठा साठा इंटरनेट अर्काइव्हवर ऐकायला आणि उतरवून घ्यायला मिळतो. मात्र तिथे फाइल कुणीही चढवू शकतं, त्यामुळे फाइल सापडली एवढ्यावर थांबू नये. जुन्या तबकड्यांच्याच प्रकल्पावरून 2023 साली अमेरिकेत बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी या संस्थेवर खटला भरला होता. शिवाय अमेरिकेतल्या मुदती आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत. तबकडीच्या कागदी लेबलाचा फोटो, त्यावरचा क्रमांक आणि साल जपून ठेवावं. गीतकार, संगीतकार कोण हे पाहायला ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ फार उपयोगी पडतं. व्हिडिओंवरचे दावे बहुतेक वेळा यंत्रच आवाज जुळवून करतं आणि मोकळ्या तबकडीवरही चुकून दावा येऊ शकतो. त्या वेळी हरकत नोंदवताना हाच फोटो कामी येतो.

नुसतं ऐकायचं असेल, तर एवढा खटाटोप नको. आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी 2016 पासून आहे आणि प्रसार भारतीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर ती पैसे न भरता ऐकता येते. जिओसावन, स्पॉटिफाय यांवर जाहिराती सहन केल्या, की गाणी फुकट. या ॲपमधलं ‘डाउनलोड’ मात्र त्या ॲपपुरतंच असतं. 2024 साली विंक हे असंच एक ॲप बंद झालं, तेव्हा त्यात साठवलेली गाणीही त्याच्याबरोबर गेली.

व्हिडिओसाठी संगीत हवं असेल, तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वाचायला शिकावं. 2002 पासून हे परवाने आहेत. ‘बीवाय’ असेल, तर कलाकाराचं नाव द्यायचं आणि वापरायचं. ‘एनसी’ असेल, तर पैसे मिळवायला वापरायचं नाही. व्हिडिओवर जाहिराती सुरू केल्या असतील, तर हा परवाना टाळलेलाच बरा. ‘एनडी’वर अनेकजण फसतात. त्यात फेरफार करायचा नसतो, आणि चलच्चित्राला संगीत जोडणं हाही त्या परवान्याच्या दृष्टीने फेरफारच. म्हणजे ‘एनडी’ गाणं व्हिडिओखाली लावताच येत नाही. फ्री म्युझिक अर्काइव्हवर प्रत्येक गाण्याजवळ परवाना लिहिलेला असतो, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतही अट दिलेली असते. ज्या दिवशी गाणं घेतलं, त्या दिवशीच त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

मंडपातल्या स्पीकरचं काय, हा प्रश्न गावात हमखास येतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवायला कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, लग्नाची वरातही त्यात येते. पण त्याच गाण्यासकट व्हिडिओ इंटरनेटवर गेला, की ती सूट त्याच्यामागे जात नाही.

मला सापडलेला सगळ्यात चांगला मार्ग गावातच होता. आमच्या भजनी मंडळाकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या चाली आहेत, कुणा रेकॉर्डवरून न उचललेल्या. शब्द संतांचे, चाल परंपरेची, राहिलं फक्त ध्वनिमुद्रण, ते आपलं आपण करायचं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही आपल्या सादरीकरणावर 50 वर्षांचा हक्क असतो, म्हणून पखवाजवादकापासून टाळकऱ्यांपर्यंत सगळ्यांची लेखी संमती घेतली. पाहणी करताना एक चाल जुन्या कॅसेटमधली निघाली, ती बाजूला ठेवली.

गेल्या सप्ताहाआधी एका रात्री विठ्ठलमंदिरात बसलो. पंखे बंद केले, बाहेरचा बोअरचा पंप थांबवला, फोन चादरीच्या घडीवर ठेवला. वीणा आबांच्या नातवाच्या गळ्यात होती. अकरा अभंग झाले. त्याच रात्री त्यांच्या तीन प्रती केल्या: एक मंदिराच्या पेनड्राइव्हवर, एक शाळेच्या संगणकावर, एक नातवाकडे. प्रत्येक फाइलच्या नावात संताचं नाव, ‘चाल पारंपरिक’ आणि तारीख लिहिली.