खासगीपणा का जपावा?

आपल्या घराच्या दाराला कडी असते. आपण चोर आहोत म्हणून कडी लावतो का? नाही. घर आपले आहे म्हणून लावतो. तसेच माहितीचे आहे. आपली गोष्ट कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, हे आपण ठरवायचे. याला खासगीपणा म्हणतात.

माझी आजी सांगते, पूर्वी खुशाली पोस्टकार्डावर लिहीत. घरातलं दुखणं, पैशाची अडचण मात्र आंतर्देशीय पत्रात. कारण कार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो. आंतर्देशीय पत्र चिकटवलेले असते.

आता पत्रांची जागा मोबाइलने घेतली. साधा फोनसुद्धा जवळच्या टॉवरला जोडलेला असतो. त्यामुळे तो कोणत्या भागात आहे, हे कंपनीला कळते. काही ॲप तर उगाच जास्त माहिती मागतात. बॅटरीसारखा उजेड पाडणारे ॲपसुद्धा कधी कधी फोनमधले सगळे नंबर मागते. उजेड पाडायला मामाचा नंबर कशाला हवा?

बँकेत, एसटी स्टँडवर कॅमेरे असतात. चोर सापडायला त्यांचा उपयोग होतो. पण ते चित्रण कोण बघतो, किती दिवस ठेवतो, हे विचारायला हवे. गणित सोडवताना कोणी मागे उभं राहून बघत असलं, की मला येणारं गणितही अडतं. सतत कोणी बघत असेल तर माणूस मोकळेपणाने बोलत नाही, खेळत नाही.

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या महाराष्ट्रातच दिला गेला. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तो १२ आकडी असतो. त्यासाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची छबी घेतात. कुलूप बदलता येते, बोट बदलता येत नाही. म्हणून ही माहिती फार जपावी लागते.

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात आधारविषयी अर्ज केला. त्यातून खासगीपणाचा प्रश्न पुढे आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो मंत्र्याला आहे, तसाच शेळ्या राखणाऱ्या मुलालाही आहे.

हे लक्षात ठेवा :
१. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये.
२. आधारची झेरॉक्स गरज असेल तिथेच द्यावी. शेवटचे ४ आकडेच दिसतील अशीही प्रत मिळते.
३. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पाठवू नये.
४. कोणी त्रास देऊन "घरी सांगू नको" म्हटले, तर ते खासगी नाही. आईला किंवा बाईंना लगेच सांगावे.

सांगा पाहू :
१. पोस्टकार्ड आणि आंतर्देशीय पत्र यांत फरक काय?
२. तुमच्या घरच्या फोनमधले कोणते ॲप गरजेपेक्षा जास्त माहिती मागते? आईवडिलांबरोबर बसून शोधा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी