जियारतीचा दिवस : काय पाहावे, काय शिकावे?

आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात पाहुणा आला की आपण त्याला बीबी का मकबरा, पाणचक्की आणि दौलताबादचा किल्ला दाखवतो. गाइड माहिती सांगतो, पाहुणा मान डोलावतो, छायाचित्रे निघतात आणि सायंकाळी सर्व जण थकून घरी परततात. पर्यटनाची ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. उमराहसाठी गेलेले आपले बंधुभगिनी मक्का किंवा मदीना येथे जियारतीच्या बसमध्ये बसतात, तेव्हा हीच रीत नकळत त्यांच्यासोबत जाते. सौर, अरफात, मुजदलिफा, मिना आणि हिरा ही स्थळे अर्ध्या दिवसात पाहून होतात. म्हणूनच त्या दिवसातून आपण काय घेऊन यावे, याचा विचार घरातून निघण्यापूर्वीच झाला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका काफिल्यासोबत प्रस्तुत लेखक जियारतीस गेला होता. जबल-ए-नूरच्या पायथ्याशी बस थांबली आणि तरुण मंडळी चढू लागली. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या एक वृद्ध खाला मात्र बसमध्येच राहिल्या व रडू लागल्या. “आयुष्यभर पैसे साठवून आले आणि हिरा पाहिली नाही. माझा उमराह अपुराच राहिला,” असे त्या म्हणत होत्या. त्यांचा मुलगा त्या कडक उन्हात त्यांना पाठीवर घेऊन चढण्यास निघाला होता.

त्यांना जे सांगितले, तेच येथे मांडत आहे. “खाला, एहराम, तवाफ, सफा-मरवाची सई आणि केस कापणे, हे आपण केले आहे. आपला उमराह पूर्ण झाला आहे. आजच्या दिवसातील एकही स्थळ उमराहचा भाग नाही.”

हिराचा प्रसंग घरात पूर्ण होतो

इ.स. ६१० च्या सुमारास हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर पहिली वह्य अवतरली. ही घटना इतकी महान असूनही पुढे मक्का-विजयाच्या किंवा अखेरच्या हजच्या वेळी प्रेषित (स.) इबादतीसाठी त्या गुहेत गेल्याचे आढळत नाही. सहाबांनाही त्यांनी तसा आदेश दिला नाही. ज्याला शक्ती आहे, त्याने चढून ती जागा पाहण्यास हरकत नाही; परंतु ती इबादत समजून स्वतःला किंवा वृद्ध आईवडिलांना संकटात घालणे योग्य नव्हे.

शिवाय त्या दिवसाचा प्रसंग डोंगरावर संपत नाही. प्रेषित (स.) थरथरत घरी आले आणि ह. खदीजा (रजि.) यांनी त्यांना पांघरूण घातले, धीर दिला. आपण नातेसंबंध जपता, दुर्बलांचा भार वाहता, पाहुण्यांचा आदर करता, म्हणून अल्लाह आपणास कदापि अपमानित करणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. गुहेपर्यंत न पोहोचणाऱ्या प्रत्येक आईला आणि भगिनीला हिराचा हा बोध आपल्या घरात आचरता येतो.

प्रेम आणि सावधगिरी

प्रेषितांच्या (स.) पाऊलखुणांविषयी ओढ वाटणे हे ईमानाचेच लक्षण आहे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) प्रवासात प्रेषित (स.) जेथे थांबले तेथे थांबत, जेथे नमाज अदा केली ती जागा शोधत. परंतु त्यांचेच वडील ह. उमर (रजि.) यांनी एका प्रवासात लोक अशाच एका जागेकडे धावताना पाहिले, तेव्हा त्यांना रोखले. नमाजची वेळ झाली असेल तर येथे अदा करा, अन्यथा पुढे चला. पूर्वीच्या समाजांनी आपल्या प्रेषितांच्या खुणांनाच प्रार्थनास्थळे बनविले आणि ते नाश पावले, असे त्यांनी समजावले. पुत्राचे प्रेम आणि पित्याची सावधगिरी, दोन्ही आपल्यासोबत असावीत. दगडांना कपडे घासणे, खडकांवर नावे लिहिणे, बरकतीसाठी माती बांधून आणणे, यांस शिकवणुकीत आधार नाही.

वाटाड्या कसा असावा?

हिजरतच्या प्रवासातही एक वाटाड्या होता. प्रेषित (स.) आणि ह. अबू बकर (रजि.) सौर गुहेत तीन रात्री राहिले. अब्दुल्लाह बिन अबू बकर (रजि.) मक्केतील बातम्या आणत, आमिर बिन फुहैरा (रजि.) शेळ्या घेऊन येत आणि ह. अस्मा (रजि.) यांनी शिदोरी बांधून दिली. अब्दुल्लाह बिन उरैकित हा वाटाड्या तर त्या वेळी मुस्लिमही नव्हता. तरीही तो जाणकार व विश्वासू होता, म्हणून उंट त्याच्या स्वाधीन केले गेले. अल्लाहवर पूर्ण भरवसा आणि पूर्ण तयारी हे दोन्ही येथे एकत्र दिसतात. आपणही गाइडमध्ये ज्ञान व विश्वासूपणा पाहावा. तो एखादी अद्भुत कथा सांगू लागला, तर “याला आधार काय?” असे अदबीने विचारावे.

उहुदची टेकडी

मदीनेच्या उत्तरेस उहुद आहे. हिजरी सन ३ मध्ये येथील एका छोट्या टेकडीवर प्रेषितांनी (स.) ५० तिरंदाज नेमले. विजय दिसो वा पराजय, निरोप येईपर्यंत जागा सोडायची नाही, असा हुकूम होता. शत्रू मागे हटताच बहुतेक तिरंदाज युद्धातील मालासाठी खाली उतरले आणि युद्धाचे पारडे फिरले. ह. हमजा (रजि.) यांच्यासह सुमारे ७० सहाबी शहीद झाले.

आज त्याच टेकडीवर छायाचित्रांसाठी गर्दी होते. खाली खजुरांचे दर ठरविता ठरविता जोहरची जमात निघून जाते. ज्या मस्जिद-ए-नबवीतील एका नमाजचे मोल अन्य मशिदींतील हजार नमाजींहून अधिक आहे, तिच्या इतक्या जवळ असून असे घडते. तेथे उभे राहून प्रत्येकाने स्वतःस विचारावे, माझ्यावर सोपविलेली जागा कोणती आणि कशाच्या मोहाने मी ती सोडतो?

निघण्यापूर्वी घरी काही रात्री सर्वांनी मिळून सीरतचे वाचन करावे. बस जमातपूर्वी परतेल, हे आधीच ठरवावे. वृद्धांना चढण्याचा आग्रह करू नये. कब्रस्तानात सलाम करून मृतांसाठी दुआ करावी. परतल्यावर मुलांना स्थळांची यादी ऐकविण्याऐवजी एकच प्रसंग नीट समजावून सांगावा.

त्या दिवशी खाला बसमध्येच बसून राहिल्या. मुलगाही डोंगर न चढता त्यांच्याजवळ थांबला आणि पहिल्या वह्यचा प्रसंग त्यांना सांगू लागला. अल्लाह आपणा सर्वांना त्या पवित्र भूमीचे दर्शन घडवो आणि तेथील बोध आपल्या घरात आचरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.