तारांच्या विमानाला टायमर कोणता?

प्रश्न : विजेच्या मोटारीवरील कंट्रोल लाइन विमानासाठी टायमर कसा निवडावा? (एक वाचक, बालाघाट)

उत्तर : इंजिनाच्या विमानात टाकीतील इंधन सरले की उड्डाण संपते, विजेच्या विमानात ती मुदत ठरविण्याचा अखत्यार टायमरकडे जातो, कारण आपल्या मुठीतील तारा केवळ एलिव्हेटर हलवितात, मोटारीस हुकूम देत नाहीत. म्हणून बटण दाबल्यावर तारांच्या टोकाच्या मुठीपाशी पोहोचण्यास सुमारे ३० सेकंदांच्या विलंबाची तजवीज आहे काय, आणि मोटार थांबण्यापूर्वी ती क्षणभर मंदावून इशारा देते काय, हे किमतीच्या आधी पाहावे. ईएससीत (मोटारीच्या वेग-नियंत्रकात) फेरे स्थिर राखणारा गव्हर्नर असल्यास साधा टायमर पुरे. चढताना आपण होऊन जोर वाढविणाऱ्या महागड्या टायमरचा मोह नवशिक्याने, माझ्या मते, टाळावा. मुदत अंदाजाने ठरवू नये : एफ-टू-बी या कंट्रोल लाइन कसरतींच्या स्पर्धेत ७ मिनिटांची मुभा असली, तरी आरंभी ३ मिनिटेच उडवून, चार्जरने बॅटरीत किती एमएएच परत भरले ते पाहावे, आणि क्षमतेचा पाचवा हिस्सा शिल्लक राहील अशा बेताने मुदत वाढवावी. टायमरची पहिली चाचणी प्रोपेलर काढूनच घ्यावी, हे सांगणे नलगे.